पोपट, घोरपड आणि माझी पूजा

साखरशेत, गुरुवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी नेहमीसारखा पूजेला बसलो होतो. ओटीवरच्या पोपटाला मी दोन वर्षं ‘रामकृष्णहरी’ शिकवतोय. पंख मोडून अंगणात पडला, तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. मी डोळे मिटले आणि तो अगदी माझ्या आवाजात ओरडला, “चहा झाला का गं?”

बायको चुलीपाशी हसत सुटली. “अहो, तुम्ही रोज पूजेत जे म्हणता, तेच शिकला तो!”

मी? रोज? पूजेत?

समोर बांधावरच्या दगडावर घोरपड ऊन खात पडली होती. कोंबडीची अंडी पळवते म्हणून तिला पापी म्हणत आलो. पण माझी पूजा संपेपर्यंत ती जागची हलली नाही. मग देवापुढं खरं कोण बसलं होतं? तीन दिवस ती दगडावरची घोरपड डोक्यातून जाईना.

आज सकाळी मात्र करून टाकलं. उपाशीपोटी पूजेचा इतक्या वर्षांचा नेम मोडला. आधी स्वतः चहा केला, बायकोलाही दिला.

“पूजेआधी चहा? देव काय म्हणेल?”

“देवाचं मी बघतो. पोपटानं काही म्हणायला नको.”

मग पूजेला बसलो आणि संपेपर्यंत घोरपडीसारखा गप्प राहिलो.