फुली मारू नकोस म्हणालास

माझ्या शहाण्या एनोस,

न्यूयॉर्कहून तुझं पत्र पोचलं. इंग्लंडच्या राजाने कर लावलेला चहा सोडणाऱ्या बायकांच्या कागदावर सहीची फुली मारू नकोस, नाहीतर गव्हर्नरसाहेबांच्या कचेरीतली माझी नोकरी जाईल, असं लिहिलंस. बरं बाबा, नाही मारली फुली.

आमच्या लहानपणी मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. म्हणून आजवर तुला पत्रं पाद्रीबाबा लिहीत आणि खाली माझी फुली असे. त्यातला निम्मा उपदेश त्यांचाच असायचा, मनावर घेऊ नकोस. यंदा तुझ्या तबिथाने महिनाभर मला गिरवायला बसवलं. म्हणते कशी, "आजी, तुझ्या नावातला एम म्हणजे मोडकं कुंपण." म्हटलं, "मोडकं असू दे, आपलं आहे ना?"

काल इथं सेलमला बायकांच्या सभेत पाद्रीणबाईंनी त्याच कागदावर बोट ठेवलं, "मेहिटेबलबाई, इथं फुली." मी अख्खं नाव लिहिलं. शेजारणीची जागासुद्धा खाल्ली, तर ती म्हणाली, "म्हातारे, आम्हाला भिंतीवर लिहायला लावतेस का?" इतकी हसले मी. फुली कुणाचीही असते रे. हे नाव माझंच, आणि गुरुवारी ते वर्तमानपत्रात छापून येणार.

हे पत्र मात्र पेटीतच ठेवते. राजाच्या टपालात पत्रं फोडतात. साहेबांनी त्या नावाबद्दल विचारलं, तर तू आपणहूनच बेधडक सांगशील, माझ्या आईला लिहिताच येत नाही. तुझ्या तोंडी ते खोटं ठरणार नाही, कारण मी लिहायला शिकले हे तुला अजून ठाऊकच नाही.

तुझी आई, स्वतःच्या हाताने,
मेहिटेबल पिकमन