सात पानांची फूट

१ जून २०२३, सकाळी ६.१०
काल निवृत्त झालो. निरोप समारंभात सगळे म्हणाले, पगारे साहेब, आता आराम करा. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात एकत्र काढून हे लोक मला ओळखतच नाहीत.

नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद. आज अख्ख्या गुलशनाबादेत वासाचा गुलाब मिळत नाही. पॉलिहाऊसमधले डच गुलाब दिसायला झकास, पण नाकाला लावले तर फ्रिजचा वास. ही परिस्थिती मी वर्षभरात बदलणार.

प्रेरणा: उज्वला. लग्नानंतर एकदा (१९९१) म्हणाली होती की तिचे वडील पेठला शिक्षक होते तेव्हा क्वार्टरच्या मागे एक गुलाबी गुलाब होता. त्याचं फूल माळलं की संध्याकाळपर्यंत वेणीला वास राहायचा. क्वार्टर पाडली, झाडही गेलं. मी तेव्हा म्हणालो होतो, आणून देतो. बत्तीस वर्षं झाली. ऑफिसमुळे राहिलं.

३ जून
उज्वलाला बावीस प्रश्नांचा फॉर्म दिला. पाकळ्यांची संख्या, काट्यांची दिशा, वगैरे. तिने 'रंग: गुलाबी' आणि 'वास: होता' एवढंच भरलं. बाकी सगळीकडे 'आठवत नाही'. शेऱ्याच्या रकान्यात 'दळण आणा'.

साक्षीदाराचं सहकार्य नाही. दळण आणलं.

११ जून
आठवडाभर इंटरनेट. शोध पूर्ण. तो गुलाब म्हणजे 'काँतेस द व्हर्नी', फ्रान्स, सन १८५० च्या आसपास. पुरावा भक्कम आहे: गुलाबी आहे आणि वास आहे. आता जगात एकाच नर्सरीत शिल्लक. फ्रान्समधून पेठला कसा पोचला, हे सवडीने बघू.

उज्वलाला फोटो दाखवला. 'असाच काहीसा,' म्हणाली आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग कुकरची शिट्टी झाली.

ती त्या गुलाबाला कांताबाई म्हणते. मी दुर्लक्ष केलं.

२० जून
नर्सरीच्या मालकीण मादाम ओदिल यांना ईमेल. विषय: गुलाबाचे रोप मिळणेबाबत. संदर्भ: निरंक. मसुदा चौथ्यांदा जमला. 'आपणांस विनंती करण्यात येते की' याला इंग्रजीत तेवढं वजन येत नाही.

४ जुलै
उत्तर नाही. स्मरणपत्र क्रमांक १.

११ जुलै
स्मरणपत्र क्रमांक २. भाषा किंचित कडक.

१९ जुलै, दुपारी
उत्तर आलं. बाई सुट्टीवर होत्या. नाशिकचं हवामान कसं आहे, त्यांचा गुलाब तिथे उष्णतेने मरेल अशी भीती वाटते, असं लिहितात.

निफाडचा पारा उतरला की दर हिवाळ्यात पेपरात शेकोटीचा फोटो येतो. ते कात्रण स्कॅन करून पाठवलं. मे महिन्याचा उल्लेख टाळला. त्यांनी हवामान विचारलं होतं, मे विचारला नव्हता.

६ ऑगस्ट
कॉलनीतल्या गुलाबप्रेमी मंडळाचा सभासद झालो. अध्यक्ष सोमनाथ तिडके, आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. मूळचे निफाडचे द्राक्षवाले. गच्चीवर साठ कुंड्या, दर जानेवारीत मंडळाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस यांचंच. मी माझी योजना सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "पगारे साहेब, आधी मोगरा जगवा."

मोगऱ्याचं प्रकरण यांच्यापर्यंत कसं गेलं, उज्वलाला विचारायचं आहे. पाणी जास्त झालं होतं. एवढ्यावरून माणसाची पारख करू नये.

१४ सप्टेंबर
परदेशातून रोप आणायचं तर परवाना लागतो. फॉर्ममध्ये आयातीचा हेतू विचारला आहे. मी लिहिलं: पत्नी. खिडकीवरचे साहेब म्हणाले की व्यापार, संशोधन किंवा लागवड यांपैकी एक लिहा, पत्नीचा रकाना नाही. मी नियम दाखवा म्हणालो. त्यांनी दाखवला. छत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म परत पाठवले, पण परत आलेला फॉर्म हातात कसा लागतो ते आज कळलं.

'संशोधन' लिहिलं.

१६ जानेवारी २०२४, सकाळी ११.४०
आली! मुंबईत अकरा दिवस तपासणीत अडकली होती. धुतलेली मुळं, ओला फ्रेंच पेपर, प्लास्टिक. आत वीतभर काडी.

लगेच कुंडीत लावली. घोटीच्या राईस मिलमधून भाताचं तूस आणून ठेवलंच होतं. पाटी लावली: काँतेस द व्हर्नी, फ्रान्स, भारतातील एकमेव. तिडके बघायला आले. पाटी वाचली, काडी बघितली, परत पाटी वाचली. म्हणाले, पाटी लय भारी आहे.

उज्वलाने हळूच विचारलं की फूल कधी येईल. मी म्हणालो, तुझ्या अंबाड्यात माळूनच दाखवतो. हे लेखी नोंदवून ठेवतो.

११ फेब्रुवारी
मंडळात तिडक्यांचं व्याख्यान: गुलाबाची निगा. माणसाला बोलता येत नाही, पण मुद्दा कामाचा होता. गुलाब कलमी असतो, खाली जंगली झाडाचा खुंट, वर आपली जात. खुंटालाही फूट येते आणि ती वरच्या जातीला खाऊन टाकते. ती ओळखायची खूण: एका देठावर सात पानं असलेली फूट दिसली की कापायची, पाच पानांची ठेवायची. ते पुढेही काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात चहा आला. गरजेपुरतं वहीत उतरवलं होतं.

९ मार्च, सकाळी ७.०५
कांताबाई फुटली! (खोडलं. काँतेस.) बुडातून एक जोरदार फूट, जाड, तजेलदार. आणि वर, कलमाच्या गाठीच्या जरा वरती, दोन किडकिडीत फुटी.

चष्मा लावून पानं मोजली. बुडातली: पाच. वरच्या: सात.

दोन्ही किडकिडीत फुटी बुडख्यापासून छाटल्या. भारतातील एकमेव काँतेस आज मी वाचवली.

१४ एप्रिल
जयंती. आज गुलाबाला सुट्टी. मिरवणुकीत चाललो, पाय दुखले.

२ मे
पारा एक्केचाळीस. कुंडीभोवती बर्फ लावतोय. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दुपारी बारा ते चार कुंडी ठेवायचा प्रयोग केला. उज्वलाने पाठीमागून इडलीचं पीठ, कैरीचं पन्हं आणि माझी इन्सुलिनची बाटली काढून ओट्यावर मांडली आणि यातलं काय फेकायचं ते सांगा म्हणाली. प्रयोग स्थगित.

पाच पानांच्या फुटीला मात्र उन्हाचा काही फरक पडलेला नाही. बाईंना लिहिलं की तुमच्या गुलाबाच्या ताकदीची तुम्हालाच कल्पना नाही.

२१ जुलै
जंगली खुंटाने परत डोकं वर काढलं. सात पानांच्या तीन फुटी, या वेळी चांगल्या पेन्सिलीएवढ्या जाड. छाटल्या.

उज्वला भांडी विसळत होती. म्हणाली, त्या काड्या मी खोचून बघू का. मी हसलो. म्हणालो, जंगली आहे, पण तुझी हौस. मागच्या दारी, मोरीच्या पाण्याकडे, डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीत खोचल्या. खतही नाही, तूस नाही. बायकांचं बागकाम.

३० ऑगस्ट
पाच पानांची फूट आता माझ्या छातीएवढी. तिडके कुंपणावरून विचारत होते की कापली का ती सातवाली. मी म्हणालो, दोनदा. ते म्हणाले, वरची का खालची? मी म्हणालो, सातवाली. ते काहीतरी बोलणार होते, पण मी आत आलो. माणसाला जळण्याची मोकळीक द्यावी.

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा
चमत्कार. सकाळपासून घरात वास आहे. मंद, गोड, थोडा लवंगेसारखा. कळी अजून नाही. म्हणजे काँतेसच्या मुळांतूनच सुगंध सुटतो. नवं संशोधन. बाईंना कळवलं.

उज्वला विहारात गेली, हातात रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. घाईत होतो, विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर
बाईंचं उत्तर: गुलाबाच्या मुळांना वास नसतो.
त्यांच्याकडच्या नसेल.

२ डिसेंबर
वास रोज. मात्र ठरावीक नाही. कधी स्वयंपाकघरात, कधी हॉलमध्ये, काल तर चक्क रिक्षात माझ्या शेजारी. कपड्यांना लागत असणार.

उज्वलाने अंबाड्यात कसलं तरी फूल माळलेलं असतं. मार्केटमधलं असेल. प्रदर्शनाची पाटी लिहायची आहे, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत. 'पगारे' फ्रेंचमध्ये कसं लिहावं?

२८ डिसेंबर
कळ्या! अकरा!

४ जानेवारी २०२५
उमलली. फिकट गुलाबी, पाकळ्या जरा मोकळ्या मोकळ्या. वास... नाक लावून वीस मिनिटं बसलो. येईल. एवढ्या लांबून आलेली आहे, तिला अजून परकं वाटत असेल. अंबाड्यात माळायचं राहू दे, आधी प्रदर्शनाला अकराच्या अकरा लागतील. उज्वलाला सांगितलं, एकोणीस तारखेनंतर. ती म्हणाली, राहू द्या, घाई नाही.

बाईंना फोटो पाठवला.

१८ जानेवारी
मंडळाने माझ्या आग्रहावरून 'परदेशी वारसा गुलाब' असा वेगळा गट केला. प्रवेशिका: एक.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी ७.३०
निघण्याआधी ईमेल बघितला. बाई लिहितात: "हा माझा गुलाब नाही. ज्यावर मी कलम केलं होतं तो हा खुंट आहे. वरची फूट कापली गेलेली दिसते. पण इतका सुदृढ खुंट मी आयुष्यात बघितला नाही, तुमचं अभिनंदन."

बाई थकल्या असाव्यात. वय झालं आहे. कुंडी रिक्षात ठेवली, उज्वलाही बसली.

त्याच दिवशी, दुपारी ३.००
सगळं लिहितो, मग वही बंद.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तिडके माझ्या गटाचे परीक्षक म्हणून आले. पाटी वाचली. खाली वाकून खोड बघितलं, गाठीवर बोट फिरवलं. हसले नाहीत, हेच लागलं मला. म्हणाले, "पगारे साहेब, गाठीच्या खालून आली ती जंगली, पानं पाच असोत की सात. वरून आलेली सातपानी आपलीच असते. जुन्या जातींना सात पानंही असतात. मी सांगितलं होतं हो, चहाच्या वेळी."

मी म्हणालो, असं असतं का.

ते निघाले आणि एकदम थांबले. माझ्या बाजूला नाही, उज्वलाच्या. नाक वर करून म्हणाले, "वहिनी, हे फूल कुठलं?"

मी वळून बघितलं. अंबाड्यात गडद गुलाबी, गच्च पाकळ्यांचं, कपासारखं भरलेलं फूल. दीड वर्षं माझ्या कॉम्प्युटरवर याच फुलाचा फोटो आहे.

"मागच्या बादलीतलं," उज्वला म्हणाली. "यांनीच कापून टाकलेली काडी. पेठचंच आहे की नाही माहीत नाही. मला तरी तेच वाटतं. पहिलं फूल विहारात वाहिलं."

तिडक्यांनी ते फूल गटात ठेवायला मागितलं. ती नाही म्हणाली. बक्षिसाला नाही, माळायला आहे. माझी कुंडी बाद, म्हणजे गटात प्रवेशिका शून्य, बक्षीस राखून ठेवलं.

येताना रिक्षात मधे कुंडी होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती बाहेर बघत म्हणाली, "दोन महिने रोज माळते. म्हटलं, कधीतरी बघाल."

मी वास मुळांत शोधत होतो. मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली, पण वाईट जास्त.

२० जानेवारी, सकाळी ६.३०
मागच्या दारी गेलो. पानं मोजली. सात. चार कळ्या. बादलीला माती अर्धीच आहे. संकल्प: आजपासून या झाडाची जबाबदारी माझी. तूस, खत, बर्फ, पाटी, सगळं तयार करून.

सकाळी ६.४५
उज्वला चहा घेऊन बाहेर आली. माझ्या हातातली कात्री काढून घेतली. बादलीपासून चार फूट लांब उभं राहायचं, बघायला हरकत नाही. त्याहून जवळ जायचं तर परवाना लागेल म्हणाली, अर्ज तिच्याकडे करायचा.

अर्ज लिहायला बसलो आहे. आयातीचा हेतू या रकान्यात काय लिहायचं ते मला आधीपासून माहीत आहे.