तुटलं, मोडलं, फुटलं आणि ब्रोकन

मी, चुडामण प्रेमराज बोरसे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पंखे, मिक्सर व पंपाच्या मोटारी दुरुस्तीचा, राहणार पाचोरा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कान अधू आहेत, पण कानांची वाटणी करायची नाही.

१. नदीकाठचं शेत व बँकेतली ठेव मुलगा जितेंद्र याला. तो पुण्यात सुखी आहे. घर नको, असं त्याने आपणहून सांगितलं आहे.

२. बेअरिंग काढायचा माझा पुलर शेजारी झुलाल महाजन यांच्याकडे बारा वर्षं पडून आहे. "उद्या देतो, भाऊ," असं ते रोज म्हणतात. तो मागून घ्यावा. मी मेलो म्हणून सोडून देऊ नये.

३. दुकानातली सर्व हत्यारं नात भाविका, म्हणजे मुलगी दिपमालाची लेक, हिला. गेल्या उन्हाळ्यात ती देवपूरहून आठ दिवस आली होती. माझ्या दुकानात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतात: वस्तू, बिघाड, मालक. दहा वर्षांची पोर, शाळा इंग्रजी. तिने एकूण एक चिठ्ठीवर बिघाड म्हणून 'ब्रोकन' लिहून ठेवलं. मी म्हटलं, अगं, वायर तुटते, खुर्ची मोडते, बरणी फुटते, मोटार जळते. नुसतं ब्रोकन वाचून मी हत्यार कोणतं उचलू? ती म्हणाली, "इंग्लिशमध्ये सगळ्याला तेच चालतं, आबा." त्याच दिवशी माझी पत्नी भागाबाई मटकीला छान मोड आलेत म्हणाली, तर या बाईसाहेबांनी मटकी फडक्यासकट केराच्या डब्यात टाकली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग भाविकाने विचारलं, "आबा, मम्मीचं लग्न तुटलं की मोडलं?"

४. राहतं घर मुलगी दिपमाला हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

दहा वर्षांपूर्वी ती नशिराबादहून, सासरहून, एकटी आली. कडेवर भाविका, बॅगेचा पट्टा तुटलेला. म्हणाली, "पप्पा, तिथं आता माझ्याच्यानं राहवणार नाही." मी काही न विचारता पट्टा शिवायला बसलो. शिवून झाल्यावर म्हणालो, "माय, मोडेल शे, तुटेल नही. बठ्ठं नीट व्हई जाई." म्हणजे संसार मोडलाय, तुटलेला नाही, सगळं नीट होईल. आणि त्याच बॅगेसकट तिला सासरी परत जायला जळगावच्या एसटीत बसवून दिलं. भागाबाई दारात रडत उभी होती. मला मात्र एक काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

महिनाभरात दिपमालाने सासरचं घर सोडलं. देवपूरला शाळेत नोकरी धरली, पोर वाढवली. आईशी फोनवर बोलते, सुट्टीत भाविकाला पाठवते. स्वतः मात्र या घराचा उंबरा पुन्हा ओलांडलेला नाही. एसटीने तीन तासांचा रस्ता आहे. मला तिची फार आठवण येते. दारातून "पप्पा, चष्मा पुन्हा कुठे ठेवलात?" म्हणून ओरडली तरी पुरे.

घर बिनशर्त तिचं. राहावं, भाड्याने द्यावं, कुलूप लावावं. या घरातून तिला "परत जा" असं पुन्हा कोणी म्हणायचं नाही.

५. भाविकाने निघताना माझ्या मनगटाला एक चिठ्ठी बांधली. वस्तू: आबा. बिघाड: ब्रोकन. मालक: मम्मी. ते ब्रोकन खोडून नीट शब्द लिहावा म्हणून मी पेन हातात घेतलं. चाळीस वर्षं चिठ्ठ्या लिहितोय, पण स्वतःसाठी शब्द सापडला नाही. तेव्हा तिचाच राहू दिला. ही चिठ्ठी दिपमालाला द्यावी.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. याची एक प्रत मात्र मी आजच देवपूरला टपालाने पाठवत आहे. दुकानात पाटी होती: मालकाने आपली वस्तू तीस दिवसांत न्यावी, नंतर आमची जबाबदारी नाही. दिपमाला, ती पाटी मी काल उतरवली. तरी लवकर ये.

सही: चुडामण प्रेमराज बोरसे, चिठ्ठीतली वस्तू

साक्षीदार:
१. धनसिंग पुना देवरे
२. झुलाल महाजन. वाचून सही केली. पुलर आणून दिला.

स्थळ: पाचोरा
दिनांक: ९ जानेवारी २०२५