पिशवीला दोन घड्या

मिलर्स क्रीक, मिसूरी
१२ फेब्रुवारी

लाडक्या टेसा,

तुझं ख्रिसमसचं कार्ड अजून फ्रिजवर आहे. ॲरिझोनात निवडुंगालाही दिव्यांच्या माळा घालतात हे पाहून चर्चमधल्या बायकांची चांगली करमणूक झाली. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याला भाव देत नाही. इथे अजून बर्फ आहे आणि दारापुढची वाट रोज खरवडावी लागते.

तुझा सल्ला हवा आहे, आणि हसायचं नाही. मी साप विकत घ्यावा का?

हसलीस ना. हस बाई. तुमच्याकडे जेवायला येण्याआधी फोन करून ‘सापाच्या पेटीचं झाकण नीट लावलंय ना गं?’ असं विचारणारी सासू हे लिहितेय म्हणजे अतीच झालं. पण ऐक. चर्चमधल्या रविवारच्या बालवर्गातल्या माशांचं खाणं आणायला मी ग्लेनच्या दुकानात गेले होते. अगदी शेवटच्या पेटीत एक अजगर होता, तू पाळायचीस त्याच जातीचा, घाबरला की चेंडू होऊन बसणारा. मादी आहे. पोटावर हातभर भाजल्याची जखम, कडा सुरकुतलेल्या, मध्ये गुलाबी कातडी. भुसा जखमेला चिकटेल म्हणून ग्लेनने तिला नुसत्या कागदावर ठेवलंय.

“आधीच्या मालकाने विजेवर तापणारा दगड ठेवला होता,” ग्लेन म्हणाला. “खालून चटका बसतोय हे यांना कळत नाही. ऊब मिळतेय म्हणून बसून राहतात.”

“बरी होईल का रे?”

“जखम होईल. दर वेळी कात टाकली की थोडी निवळेल. पण ही खातच नाही. आणल्यापासून एक उंदीर घेतला नाहीये. म्हणून मी कुणाला विकतही नाही. साप जेवताना पाहिल्याशिवाय घेऊ नये आणि विकूही नये.”

तेव्हापासून मी सारखी तिथे जाते. नुसतं बघायला आले म्हणायची लाज वाटते, म्हणून दर वेळी माशांचं खाणं घेते. आता बालवर्गातले मासे मला बघून खाली दगडाआड जातात.

बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. सापासारखा साप आहे.

हो, एक विचारायचं होतं. तू तुझ्या सापाला, बिस्किटला, किराणाच्या कागदी पिशवीत घालून खायला द्यायचीस. ते नेमकं कसं? पिशवी किती दुमडायची, किती वेळ ठेवायची? सहज विचारतेय. आणि साप माणसाला ओळखतात का? तू एकदा नाही म्हणाली होतीस, पण तेव्हा तू माझ्यावर चिडलेली होतीस.

तुमचा घटस्फोट झाला तरी माझा मुलगा म्हणून सांगते, कर्ट बरा आहे. त्याने तुझी चौकशी केली असं लिहीत नाही, कारण केलेली नाही. तू कार्डात बिस्किट कशी आहे विचारलं होतंस. त्याला विचारून कळवते.

हो की नाही एवढंच कळव.

तुझी
व्हर्ना
(मॉम अजून चालत असेल तर मॉम)

*

मिलर्स क्रीक
१ मार्च

प्रिय टेसा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. वर ‘प्रिय व्हर्ना’ लिहिलंस. ठीक आहे, विचारलं मीच होतं.

नको म्हणालीस. भाजलेला, न खाणारा साप नवख्या माणसाने घेऊ नये, जीव लागतो आणि मग तो मरतो, त्यापेक्षा मांजर पाळ. सगळं पटलं. आणि काल मी साप घेऊन आले.

खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तू पिशवीचं लिहिलंस त्याबद्दल आभार. उंदीर कोमट पाण्यात ठेवून ऊबदार करायचा, साप आणि उंदीर पिशवीत, वर दोन घड्या, कपड्यांचा चिमटा, अंधारी जागा, तासभर डोकवायचं नाही. पुढे असंही लिहिलंस की ही युक्ती बिस्किटखेरीज दुसऱ्या कुठल्याही सापाला लागू पडलेली तू पाहिलेली नाहीस, मग मी का विचारतेय. दोन घड्या घातलेली पिशवी आत्ता माझ्या न्हाणीघरात टबात आहे. दिवा बंद, दार लोटलेलं. मी स्वयंपाकघरात बसले आहे. हा तास मला काढायचा आहे, म्हणून जे लिहायचं टाळलं ते लिहिते.

ती बिस्किट आहे.

मानेवर डावीकडे उलट्या ठेवलेल्या बुटासारखा डाग. तूच दाखवला होतास, ‘मॉम, बघ ना, बूट’, आणि मी दारातूनच ‘दिसला, दिसला’ म्हणाले होते. ग्लेनच्या दुकानात पहिल्याच दिवशी मी काचेला नाक लावलं आणि तो बूट दिसला. ग्लेनने पेटीवर भलतंच नाव लिहिलं होतं. मी माशांचं खाणं घेऊन घरी आले.

त्या रविवारी कर्टला जेवायला बोलावलं. बटाटे वाढले आणि विचारलं.

“बिस्किट कुठाय?”

“आहे की.”

“कुठे आहे, कर्ट?”

“मॉम, काराला साप चालत नाहीत. कामावरच्या एकाला दिली. चांगला माणूस आहे तो.”

“तुझ्या चांगल्या माणसाने तिला तापलेल्या दगडावर भाजलं आणि दुकानात टाकलं.”

त्याने काटा खाली ठेवला. मग म्हणाला, “टेसाला नको सांगूस.”

“तू सांग मग.”

“मला नाही जमायचं गं.”

तुला नव्या घरमालकाने साप आणू दिला नाही म्हणून तू तिला त्याच्या भरवशावर ठेवून गेलीस, आणि तू विचारलंस की तो ‘मजेत आहे’ म्हणत राहिला. मी त्याची बाजू घेत नाही. पण मी त्याची आई आहे, आणि तुला हे कळलं की तू आमच्या घराचं नावही काढणार नाहीस या भीतीने मी गप्प बसले. ती मेली असती तर तुला कळूच द्यायचं नाही, असंही एकदा मनात आलं. आलं ते आलं.

आणखी एक. कर्ट आणि कारा मे महिन्यात लग्न करताहेत. हे तुला बाहेरून कळू नये असं वाटलं. कारा वाईट नाही. तिला माझा ॲपल पाय आवडत नाही, पण खाते बिचारी. काल कर्टनेच माळ्यावरची तुझी जुनी काचेची पेटी उतरवली, धुतली, दिवा लावून ऊब बरोबर येतेय का बघत बसला. जाताना म्हणाला, “जगली तर सांग.” मग दारातच थोडा रडला. मी पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार.

ग्लेन मला द्यायला तयार नव्हता.

“जेवताना पाहिलं आहेस का हिला?”

“नाही.”

“ही अजून वीसेक वर्षं जगेल. राग मानू नकोस, पण तुझं वय झालंय. तुझ्यामागे हिचं कोण बघणार?”

“तिची आई आहे. ॲरिझोनात असते.”

“मग तीच का नेत नाही?”

“तिला अजून माहीत नाही.”

ग्लेनने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि डबा आणायला आत गेला.

पिशवीत घालताना तिला हातात घ्यावं लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं ओलसर, गार लागेल. कोरडी लागली, आणि केवढी जड गं. माझ्या मनगटाभोवती एक वेढा घातला आणि तशीच थांबली. भाजलेला भाग बाहीला खरखरीत लागत होता. मी ओरडले नाही, हे तुला मुद्दाम सांगतेय. ‘तुझी आई पोस्टकार्डावर बारीक अक्षरात लिहिते, मला भिंग घ्यावं लागलं,’ असं काहीबाही बोलत राहिले.

तास झाला. जाऊन बघते. मला फार भीती वाटतेय, टेसा. सापाची नाही.

बघितलं.

चिमटा काढला. एक घडी सोडली, मग दुसरी. पिशवीत ती एकटीच आहे. अंगाच्या मध्यावर फुगवटा आहे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे निदान माझ्या दिशेने पाहिलं. मी टबाच्या काठावर बसून रडले आणि मग हात धुऊन हे लिहायला आले.

तुझ्या घरमालकाला पुन्हा विचार. हो म्हणाला तर येऊन घेऊन जा. नाही म्हणाला तर ती इथे राहील आणि तू तिला बघायला येत जा. तू आलीस की झोपायचीस त्या खोलीतला पलंग हलवलेला नाही. कर्टने कुणाशीही लग्न केलं तरी तुझं या घरी येणं मोडत नाही. माझं म्हणशील तर मी तुला कुणालाच देऊन टाकलेलं नाही.

पाकिटावर तुला हवं ते नाव लिही. मी यापुढे कंसात सही करणार नाही.

तुझी
मॉम