तुझा फोटो आला की

प्रिय ताई,

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच बाबांच्या औषधांचं विचारलं असतंस, मी 'आहेत' म्हणालो असतो आणि आपलं बोलणं नेहमीसारखं तिथेच संपलं असतं. म्हणून लिहितोय. आधी कच्चं लिहून मग हे पक्कं केलंय, माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच.

औषधं आहेत. बाबा बरे आहेत, म्हणजे त्या झटक्यानंतर जितकं बरं राहता येतं तितके. उजवा हात मांडीवर पडून असतो, ओठ उजवीकडे ओघळलेला तसाच. वाचा परत आली नाही. चहा डाव्या हातानं पितात आणि हनुवटीवर ओघळ आला की मी रुमाल काढायच्या आत स्वतःच बाहीनं पुसतात. मी बघितलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून मी खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करतो.

माझ्या कामाला तू एकदा 'डोक्याला तारा लावण्याचा धंदा' म्हणाली होतीस. तसाच आहे. मी माणसाच्या डोक्यावर टोपी बसवतो. तिला आतून बटणांसारख्या चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीला एक तार. केस बाजूला करून जेल भरावं लागतं, एक चकती सैल राहिली तरी मेंदूच्या लहरींची सगळी नोंद वाया. लोकांना टोप्या घालून पगार घेतो, हा विनोद पहिल्या दिवसापासून ऐकतोय. दहावीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार होती?

आमच्यासारख्या प्रयोगशाळा बऱ्याच शहरांत आहेत आणि त्या सगळ्यांचं मिळून एक जाळं आहे. सगळीकडे एकाच पद्धतीनं चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, काही घरच्यांचे, काही अनोळखी, आणि ते बघताना मेंदूत उठणाऱ्या लहरी टिपून एका ठिकाणी जमा करायच्या. त्यावरून गणितवाले संगणकात मेंदूची नक्कल उभी करतात. ओळखीचा चेहरा दिसला की आत काय होतं, ते त्यांना समजून घ्यायचंय. बाबांना याचा उपयोग होईल का, असं मी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं होतं. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. पुढे कुणाला तरी होईल म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः बाबांसमोर बसून सगळं समजावलं, दोन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, आणि दोन्ही वेळा बाबांनी मान डोलावली. मी त्यांना ओढून नेलं नाही, ताई. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

फोटो आपलेच दिले, बाबांनी त्यांच्या स्टुडिओत काढलेले. तुझा तो पडद्यापुढचा, बाबांनी तुला तीनदा उठवून बसवलं होतं तो. मान सरळ, ओठ मिटा, हनुवटी थोडी खाली. गिऱ्हाईक कंटाळून जायचं, पण वाकड्या तोंडाचा फोटो त्यांनी आयुष्यात कुणाच्या हातात दिला नाही.

आमच्या जाळ्यात दुसऱ्या शहरात एक जण आहे, त्याला आम्ही चाळणी म्हणतो. सगळ्यांच्या नोंदी त्याच्यापुढे जातात आणि तो कचरा वेगळा काढतो. कचरा म्हणजे पापणी लवली, आवंढा गिळला, दात आवळले. चेहऱ्याचे स्नायू हलले की तारांमध्ये त्यांचाच इतका गोंगाट होतो की त्यात मेंदूच्या लहरी बुडून जातात. असा तुकडा नक्कल बनवायला चालत नाही. बाबांच्या नोंदी त्यानं चाळल्या. अनोळखी चेहरे स्वच्छ. शेजारचे काका स्वच्छ. माझा फोटो तर इतका स्वच्छ की नमुना म्हणून सगळ्यांना दाखवला. फक्त तुझा फोटो आला की कचरा, दर वेळी. चकती सैल असेल, असं त्यानं कळवलं.

चकती मी बसवलेली होती, म्हणून मला झोप येईना. पुढच्या वेळी प्रत्येक चकती पुन्हा दाबून बघितली आणि पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत उभा राहिलो. माझा फोटो आला, बाबा नुसते बघत राहिले. तुझा आला आणि त्यांनी आवंढा गिळला, दात आवळले आणि ओघळलेला ओठ वर ओढायला लागले. गाल थरथरत होता. मानही सरळ केली. फोटो गेल्यावर सगळं पुन्हा सैल सोडलं.

मी मॅडमना सांगितलं. त्या सावध बाई आहेत. म्हणाल्या, एका माणसावरून आम्ही काही म्हणू शकत नाही, आणि मीही तुला त्यांच्या नावावर काही सांगणार नाही. पण झटक्यानंतर तू भेटायला म्हणून खोलीत आलीस आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मी दारातून बघितलं होतं. तू पर्स उचललीस आणि जिन्यात मला म्हणालीस, "त्यांना मी कोण तेही कळत नाही, आता येऊन काय करू?" आता वाटतं, कळत होतं म्हणूनच तोंड फिरवलं. वाकडं तोंड त्यांना तुला दाखवायचं नव्हतं.

पुढची नोंद घ्यायची आहे आणि चाळणीनं कळवलंय की तो फोटो काढून टाका, नोंद खराब करतो. त्याचं बरोबर आहे, जाळ्याचे नियम सगळ्यांना सारखे. काल मी तुझा फोटो संचातून काढला आणि घरी घेऊन आलो. आता पडद्यावरही बाबांसमोर तुझा चेहरा येणार नाही, म्हणून हे पत्र. ताई, तू ये. ते तोंड फिरवतील, तरी उठू नकोस. खिडकीबाहेर बघत बस, माझ्यासारखी. ओठ सरळ करायला त्यांना थोडा वेळ लागतो.

तुझाच,
वाट बघणारा धाकटा