नववं कलम

दौंड,
९ जानेवारी १९७८

प्रिय येशुदास,

ज्यांचा विषय पंचायत समितीच्या सभेत सगळ्यात शेवटी निघतो, त्यांच्यापैकी तू एक आणि मी एक. चहाचे कप गोळा व्हायला लागतात, अर्धे सदस्य एस.टी.ची वेळ विचारायला बाहेर जातात, सभापती मनगटावरचं घड्याळ बघतात आणि मग म्हणतात, हं, तुमचं काय होतं ते बोला. तू जनावरांचा डॉक्टर म्हणून हे ऐकलंस, मी वस्तीचा माणूस म्हणून ऐकलं. शिरूरला मिशनच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो, तेव्हाही पाहुणे आले की गाणं म्हणायला पुढच्या रांगेतली मुलं उठायची आणि आपण दोघं खुर्च्या उचलायचो. हे गाऱ्हाणं आपलं दोघांचं आहे, एकट्याचं नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय. ज्या दिवशी तुझा विषय निघाला, त्या दिवशी तुला खाली बसवणारा मी होतो, आणि साडेतीन वर्षांत मी त्याबद्दल तुला एक ओळ लिहिली नाही.

इथं थंडी कडक आहे. दुकान चाललंय. वह्या-पुस्तकं बांधायची आणि बांधण्याआधी वाचून काढायची, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक म्हणतं चांगदेव वेळ लावतो, मी म्हणतो शिलाईला वेळ लागतो. मागच्या महिन्यात एका वकिलांची कायद्याची पुस्तकं आली. त्यांत जनावरांच्या छळाविरुद्धचा एकोणीसशे साठचा कायदा होता. सगळा वाचला. जनावराला मारलं, उपाशी ठेवलं, आखूड साखळीनं बांधून घातलं तर पन्नास रुपयांपर्यंत दंड. म्हणजे छळ होऊन जाऊ द्यायचा, मग कुणीतरी तक्रार करायची, मग साक्षी, मग तारखा. पण विकण्यासाठी चाळीस कुत्री कोंडून त्यांची पिल्लं काढायची असतील, तर आधी कुणाला विचारावं लागत नाही आणि नंतर कुणी आत येऊन बघत नाही. स्टँडवर चहाची गाडी लावायची तर परवाना लागतो. तू सभेत पहिल्या दोन वाक्यांत नेमकं हेच म्हणाला होतास. मी ते ऐकलं होतं, आणि माझं उत्तर तिथंच तयार झालं. उत्तर तयार झालं की पुढचं ऐकू येत नाही. व्यासपीठावर वाढलेल्या माणसांचा हा रोग आहे, आणि माझा जुना आहे.

कुत्री विकणाऱ्या साहेबरावांची वाडी तू बाहेरूनच पाहिलीस. तपासायला गेलास तेव्हा त्यांनी तुला फाटकाशी खुर्ची टाकून चहा दिला होता आणि पांढऱ्या रंगाचे चार पिंजरे दाखवले होते. पुण्याहून मोटारी येतात, तेही तेवढंच बघतात. तुकतुकीत अंगाची, उभ्या कानांची चार कुत्री, आणि त्यांच्यासमोर मांडीवर पिल्लू घेऊन बसलेले साहेबराव. मागची शेड मी आता पाहिली आहे. डांबराची पिंपं उभी चिरून आडवी मांडली आहेत आणि त्यांत माद्या आहेत. उठून उभं राहिलं की पाठ पत्र्याला लागते. चैत्रात त्या पत्र्यावर हात ठेवून बघ. एक वेत संपलं की दुसरं, पिल्लांचे डोळे नीट उघडले की ती गिऱ्हाइकाकडे, आणि मादी परत त्याच पिंपात. एकीनं आपली दोन पिल्लं खाल्ली होती. आक्का म्हणायची, तिला सुईण न्हाई, ऊन न्हाई, हिंडायला दोन पावलं न्हाईत, ती तरी काय करंल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण भागुबाई. शाळेत असताना तिच्या हातची भाकरी तू खाल्ली आहेस. आमच्या वस्तीतल्या पाच बाया त्या वाडीवर शेण-घाण काढायच्या, पाणी ओढायच्या, कुत्र्यांना कण्या शिजवून घालायच्या. बहात्तरच्या दुष्काळात आक्कानं पाटसच्या रस्त्यावर खडी फोडली होती. त्यानंतर मिळालेलं हे पहिलं काम असं, की ज्याला वर छप्पर होतं. कुत्र्यांच्या पैदाशीला परवाना लावायचा तुझा ठराव येणार हे साहेबरावांना आधी कळलं आणि त्यांनी बायांना सांगितलं की ठराव झाला तर वाडी बंद. सभेच्या आदल्या दिवशी आक्का दुकानात येऊन उभी राहिली. म्हणाली, चांगदेवा, डाक्टर आमच्या पोटावर कागुद घालतोय म्हनं. तुला बोलता येतं, एक डाव आमच्यासाठी बोल की. साऱ्या जगासाठी बोलतोस.

मग मी बोललो. तू उभा राहून कलमं वाचत होतास. पहिलं परवान्याचं. दुसरं जागेचं, कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरता यावेत. तिसरं मादीला दोन वेतांमध्ये विश्रांती मिळावी याचं. तिसऱ्यावर मी उठलो. ज्या गावच्या पाणवठ्यावर कुत्रं जिभेनं पाणी पीत होतं आणि माझ्या बापाला ओंजळ बुडवता येत नव्हती, त्याच गावात आज कुत्र्याला किती फूट जागा द्यायची याचा ठराव येतो, असं मी म्हणालो. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला सावली किती फूट द्यायची हे या सभागृहानं मोजलं होतं का, असं विचारलं. बाळंतीण बाई आठव्या दिवशी मजुरीला जाते आणि डॉक्टर कुत्रीला विश्रांती मागतात, असं म्हणालो. एकही शब्द खोटा नव्हता, येशुदास. हेच मला अजून गिळता येत नाही. सगळं खरं बोलून मी एक खोटं काम केलं.

मागून कुणीतरी म्हणालं, डाक्टर, पलंग बी टाका की त्येंच्यासाठी, मच्छरदानी लावून. सभागृह हसलं. तू कागदाची चार घड्या घातल्यास, खिशात ठेवलास आणि बसलास. टाळ्या पडल्या. त्या सभागृहात मला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्या वाजवणारे हात कुणाचे आहेत ते मी तेव्हा पाहिलं नाही. वस्तीसाठी नळ मागितला की जे चहाला उठायचे, तेच ते. माझ्या बापाचं दुःख मी त्यांना देऊन टाकलं आणि त्यांनी ते साहेबरावांच्या फाटकाला कुलूप म्हणून लावलं. पुढं बाजारात तुला बघून पोरं भुंकायची. लोक तुला ‘पलंगडॉक्टर’ म्हणायला लागले. तू शिरूरला बदली मागून घेतलीस, आणि तू गेलास त्या दिवशी मी स्टेशनजवळच्या मैदानात शिक्षणावर भाषण देत होतो.

आता मागच्या आषाढाकडे येतो. शेडच्या मागची जाळी फाटली होती. बाहेरचं एक कुत्रं आत शिरलं आणि पिंपांतल्या एका मादीला चावून गेलं. बायांनी मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला जाळी बघू पुढच्या आठवड्यात. दोन-अडीच आठवड्यांनी ती मादी पिसाळल्यासारखी करायला लागली. तिच्या अंगाखाली एक पिल्लू दबलं होतं. ते काढायला आक्कानं हात घातला आणि मादीनं मनगट धरलं. संध्याकाळी आक्का दुकानात आली, पदराचं फडकं मनगटाला गुंडाळून. म्हणाली, ती वाईट न्हाई रे, दोन दिसापास्नं येड्यावानी करती, लाळ गळती, पान्याकडं बघत न्हाई. हे शब्द माझ्यासमोर उच्चारले गेले. माझ्या दुकानात तेव्हा तीन वैद्यकाची पुस्तकं शिलाईला होती.

शेजारची रंगुबाई तिच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, आधी सात इहिरीत डोकवायला न्या हिला, इख उतरतं. मी तिच्यावर तडकलो. छप्पन साली आपण हे सगळं सोडून दिलं, आता विहिरीत तोंडं बघत फिरायचं का, असं काय काय बोललो. मग आक्कानं कमरेची पिशवी उघडून एक कागद काढला. साहेबरावांनी दिला होता, तुझ्या भावाला दाखव, त्याला विंग्रजी येतं, असं सांगून. जाड कागद, वर कुत्र्याच्या डोक्याचा ठसा, छापील इंग्रजी. मादीचं नाव, तिच्या आईबापांची नावं, रंग, आणि खाली एक ओळ की पिसाळण्याविरुद्धची लस टोचलेली आहे. तारीखसुद्धा होती. मी ती ओळ वाचली आणि म्हणालो, आक्का, लस दिलेली आहे. जखम साबणानं धू, टिंक्चर लाव. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची काही गरज नाही. तिला बरं वाटलं. चौदा दिवस दवाखान्यात जायचं म्हणजे चौदा खाडे, आणि खाडे झाले की दुसरी बाई. उठता उठता म्हणाली, तू वाचलंयस म्हंजी झालं.

तिसऱ्या दिवशी मादी मेली. बाळंतपणात मेली असं सांगून साहेबरावांनी तिला पुरलं. पोळा गेला आणि आक्काचं मनगट झिणझिणायला लागलं. चाळीस कुत्र्यांना रोज पाणी ओढणारी बाई तांब्या दिसला की भिंतीकडे तोंड करायची. तीन दिवसांत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, चावल्यावर का नाही आणलं.

तू शिरूरहून एस.टी.नं आलास. विहाराच्या पायरीवर चपला काढून बसलास आणि संध्याकाळपर्यंत हलला नाहीस. माझ्याशी बोलला नाहीस, मीही तुझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, तू मनातल्या मनात हिशेब मांडतोयस, ठराव झाला असता तर जाळी असती, तपासणी असती. आता कळतं की तुला त्याहून जास्त ठाऊक होतं आणि तरी तू गप्प राहिलास.

आक्काचं सगळं आटोपल्यावर तो कागद मी पुन्हा काढला. या वेळी शेवटपर्यंत वाचला. लस टोचली असं लिहिलं होतं, कुणी टोचली ते नव्हतं. खाली सही साहेबरावांची. कुत्रं विकणाऱ्यानंच कुत्रं निरोगी असल्याचं लिहून दिलेलं. रंगुबाईचा विश्वास विहिरीवर होता, माझा छापलेल्या अक्षरावर. तिच्या विहिरींनी निदान कुणाला दवाखान्यात जाऊ नको असं सांगितलं नव्हतं. मी ते सांगितलं.

डिसेंबरात समितीच्या कचेरीत गेलो. मी अजून सदस्य आहे. तुझा ठराव मागितला. फायलीत नव्हता, त्या सभेचे सगळे कागद आहेत, तेवढाच नाही. शिपाई पोपट कपाट लावता लावता म्हणाला, आप्पा, आता कशाला हुडकताय. मी म्हणालो, वाचायचाय. तो हसला नाही. म्हणाला, तुमी तिसऱ्यालाच उठलात. अकरा कलमं हुती. नववं बायांचंच हुतं की. कामाच्या बायांस्नी हातमोजं द्यायचं, आन् कुत्रं चावलं तर मालकानं त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, खाडा धरायचा न्हाई. डाक्टरांनी मला बसवून दोनदा वाचून दाखवलं हुतं, बायांस्नी कळंल आसं हाय का म्हनून.

नववं कलम मी पोपटाकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

हे सगळं मी माफी मागण्यासाठी लिहीत नाही. माफी मागून माझं मन हलकं होईल, आणि ते हलकं व्हावं अशी माझी इच्छा नाही. लिहायचं कारण आक्काची मुलगी सोजर. साहेबरावांनी मोठ्या मनानं आईची जागा तिला दिली, आणि एक तारखेपासून ती वाडीवर जाते. त्याच शेडमध्ये, त्याच पिंपांपाशी. जाळीला पोतं बांधलंय. मी फाटकापर्यंत मागं गेलो, पुष्कळ बोललो. ती म्हणाली, मामा, तुमचं भाषान झालं आसंल तर मी जाऊ का, उशीर हुतोय. तिला थांबवायला माझ्याजवळ शब्दांशिवाय काही नाही, आणि माझे शब्द तिच्या आईनं एकदा ऐकलेले आहेत. तुझ्या ठरावात वाडी बंद करा असं कुठंच नव्हतं, हेही मला पोपटाकडून कळलं. सोजरचं कामही राहील आणि तिचे हातही राहतील, असं काही या जगात लिहिलेलं असेल तर ते मिशनच्या आवारातल्या तुझ्या घरी, तुझ्या लाकडी पेटीत आहे. तू कागद टाकत नाहीस, हे मला शाळेपासून माहीत आहे. मंगळवारी, २४ जानेवारीला, सकाळी अकरा वाजता इथं समितीची सभा आहे. ठराव सरकारकडे पाठवण्याचा विषय मी माझ्या सहीनं घातलाय, पहिल्या क्रमांकावर, चहाच्या आधी. सभापतींचं तुझ्या नावाचं बोलावणं सोबत जोडलंय. कुणी हसेल, कुणी भुंकेलसुद्धा. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी असेन, आणि अकरावं कलम संपेपर्यंत उठणार नाही. तो कागद घेऊन ये, येशुदास. घड्या उलगड, आणि नववं कलम खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच.

तुझाच,
चांगदेव