धाकट्याची छडी

३ फेब्रुवारी १७६१

झालं! कचेरी भरली, कचेरी उठली, आणि मी आहे तिथेच.

बाबांना जाऊन महिना होतोय. आज सराईच्या वरच्या खोलीत जहागिरीची कचेरी होती. बारा पंच, बिअरचे मग, शेकोटीचा धूर. कारभारी पेलिंगसाहेबांनी पुकारा केला — मॅथ्यू एकहर्स्ट वारला, हेझलमीडच्या जमिनीला वारस कोण? मी पुढे झालो. आमची रीत इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे — बापाची जमीन धाकट्या मुलाला. छडीचं एक टोक कारभाऱ्याच्या हातात, दुसरं वारसानं धरायचं, की जमीन त्याची. मी हात पुढे केलासुद्धा! तेवढ्यात म्हातारा टपेन कोपऱ्यातून खाकरला. "डॉर्कसला दिवस गेलेत म्हणे. मग धाकटा कोण ते ठरायचंय अजून."

सगळे खो-खो हसले. डॉर्कस माझी सावत्र आई, माझ्याच वयाची. बाबांना म्हातारपणी सुचलेलं शहाणपण. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती गेले दोन महिने सैल झगा का घालते, हे मला कळायला नको? बैल आहे मी, बैल!

पेलिंगसाहेबांनी छडी मागे घेतली. म्हणाले, पोटातलं मूलही मूलच. ते जन्मेपर्यंत थांबा.

थांबा म्हणे!

४ फेब्रुवारी

दादा आला. म्हणजे अ‍ॅम्ब्रोज, थोरला. गाड्यांची चाकं बनवतो. थोरल्याला कसब शिकवून घराबाहेर काढायचं आणि धाकट्याला शेत — हीच तर रीत. आल्या आल्या सुरू! "काय जहागीरदार, ऐकलं ते खरं का? पाळण्यातला आला की तूही माझ्यासारखा उपरा. ये चाकं ठोकायला, रंधा धरायला शिकवतो." आणि हसला. लहानपणापासून त्याचं एकच पालुपद — लंडनात जन्मला असतास तर माझा गडी असतास, तिथे राजाचा कायदा थोरल्याला देतो. मी म्हटलं, मग जा लंडनात! ताटावरून उठलोच.

११ फेब्रुवारी

चक्कीवाला कॉपर्ड भेटला. बेथियाचा बाप. "आधी छडी, मग पोरगी." एवढंच बोलला आणि पोतं उचललं. बेथिया खिडकीत होती. हात हलवला की पडदा सारला, कळलं नाही.

१२ फेब्रुवारी

मुलगी होऊ दे. देवा, मुलगी होऊ दे.

२० फेब्रुवारी

बार्लीच्या शेतात नांगर घातला. कोणासाठी घालतोय, देव जाणे. पण जमीन थांबत नाही ना. थांबायचं फक्त मी.

डॉर्कस भाकरी घेऊन बांधापर्यंत आली. धापा टाकत. मी ओरडलो, "अशा अवस्थेत चिखलात कशाला येतेस?" ती म्हणाली, "तू सकाळपासून उपाशी आहेस म्हणून. आणि मला माहीत्ये, तुला काय हवंय ते. मीही तेच मागते रोज. मुलगी झाली तर तू आम्हाला हाकलणार नाहीस. मुलगा झाला तर तू आमचं तोंड बघणार नाहीस." भाकरी खाल्ली. चीजही होतं.

२ मार्च

पेलिंगसाहेब सराईत उतरलेत म्हणून मुद्दाम गेलो. विचारलं — मूल जगलंच नाही तर? जीभ झडली नाही, नशीब. ते पाइप भरत म्हणाले, "मेलेलं जन्मलं तर प्रश्नच नाही, जमीन तुझी. पण रडलं, चार भिंतींच्या आत कोणी रडणं ऐकलं, तर ते जिवंत जन्मलं. क्षणभर का होईना, मालक ते. मग ती त्या बाळाची जमीन झाली. बाळामागे ती त्याच्या भावाकडे जाणार."

"म्हणजे माझ्याकडेच!"

"नाही. तुमची रीत बापाकडून मुलाकडे येतानाच चालते. भावाभावांत ती चालत नाही, तिथे राजाचाच कायदा. थोरला."

"म्हणजे दादा?"

"म्हणजे दादा."

आणि काय सहज बोलले! जसं काही हवापाण्याचं. चार मैल चिखल तुडवत आलो. कोण बसून करतं असले कायदे? एका श्वासावर एवढं शेत!

१४ मार्च

दादा रोज येतो हल्ली. कुंपण सारखं करतो, कोठाराचा दरवाजा बसवतो. न सांगता. मी विचारलं, "आपलंच समजून चाललंय का?" तो म्हणाला, "तुझ्या हातून झालं असतं तर आलो असतो का?" त्यालाही पेलिंगनं सांगितलंय सगळं. नक्कीच सांगितलंय. नाहीतर एवढा पुळका कशाला?

१९ मार्च

झालं.

पहाटे कळा सुरू झाल्या. वेळेच्या आधी. मी सुईणीला आणलं — मर्सी, आता पार बहिरी झालीय, कानाशी ओरडावं लागतं, पण जवळपास दुसरी नाही. दादा अंगणात लाकडं फोडत होता. मी गरम पाण्याची घंगाळं दारापर्यंत नेत होतो. दुपार कलल्यावर मर्सीनं मला आतच ओढलं. डॉर्कसचं रक्त थांबत नव्हतं, ती शुद्धीवर नव्हती. मर्सीनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. "मुलगा. मेलेला. बाजूला ठेव, मला बाईला वाचवू दे."

मी भिंतीशी उभा राहिलो. निळसर होतं. मुठी आवळलेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं — हो, वाटलं! आणि त्यानं तोंड उघडलं.

रडलं. बारीक. मांजराच्या पिल्लासारखं. एकदाच. मी मर्सीला हाक मारली, तिनं मान वर केली नाही. पुन्हा बघतो तर संपलेलं.

डॉर्कस वाचली.

बाहेर आलो तेव्हा दादा कुऱ्हाड खाली टाकून पायरीवर बसला होता. म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "मुलगा. मेलेलाच झाला." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग खोका करायला फळ्या घेऊन बसला.

२० मार्च

पुरलं. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी. नाव नाही, प्रार्थना नाही.

२३ मार्च

कॉपर्डनं स्वतः हात मिळवला! "जावईबापू" म्हणाला. बेथियानं मला मध लावलेला पाव दिला. वाटेत कुत्र्याला घातला.

कोणाचं काय नुकसान झालं? पोर गेलंच. दादाला चाकं आहेत. मी राबलोय त्या जमिनीत, तो नाही. माझीच आहे ती. माझीच आहे.

२८ मार्च

डॉर्कस उठून बसली. दूध येतंय तिला, छाती बांधून ठेवलीय. मला म्हणाली, "गिडियन, तुझ्या हातात होता ना तो? मर्सीला नीट आठवत नाही. एकदाही आवाज केला नाही का रे?"

मी म्हटलं, कळलं नाही. गडबडीत होतो.

"बरं," म्हणाली. "मला वाटलं, निदान एकदा तरी."

गोठ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. गाय दचकली.

३० मार्च

झोप नाही. जेवण नाही. दादा म्हणतो, छडी मिळायच्या आधीच वाळून छडी झालास!

२ एप्रिल

पुन्हा तीच खोली, तेच पंच. मर्सीनं शपथेवर सांगितलं — मेलेलं होतं. टपेननं मान हलवली. डॉर्कस दाराशी उभी होती, शालीत. पेलिंगसाहेबांनी छडी पुढे केली. मी टोक धरलं. गुळगुळीत, थंड.

आणि सोडलं.

"ते रडलं होतं," मी म्हणालो. "माझ्या हातात. एकदा. मी ऐकलंय."

मग एकच गिल्ला! कॉपर्ड टोपी घालून निघून गेला. बेथिया त्याच्या मागे गेली की नाही, बघायचं धाडस झालं नाही. पेलिंगसाहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, शपथ घेणार का? घेतली. मग म्हणाले, आधी त्या मुलाचं नाव दफ्तरात लागलं पाहिजे. मालक होऊन गेलंय ते. नाव काय?

दारातून डॉर्कस म्हणाली, "टोबायस." मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. टोबायस एकहर्स्ट, मॅथ्यूचा धाकटा मुलगा. तिला रडू फुटलं, आणि मलाही.

छडी दादाला दिली. त्यानं ती धरली खरी, पण बघत होता माझ्याकडे. रागानं.

३ एप्रिल

दादा सकाळीच आला. दारातच उभा. "गप्प बसायचं होतंस ना, गाढवा," म्हणाला. "मीही गप्पच बसलो होतो की. खिडकी उघडी होती त्या दिवशी."